सर्व्हर तुमचा, जागा त्यांची : कोलोकेशन म्हणजे नेमकं काय?

अनेक छोट्या कंपन्यांचा सर्व्हर आजही ऑफिसच्या एखाद्या बंद खोलीत, स्प्लिट एसीच्या भरवशावर चालतो. शनिवारी रात्री एसी बंद पडला, तर ते सोमवारी कळतं. यातून सुटायचं तर एक वाट क्लाऊडची. तिथे मशीनही दुसऱ्याचंच असतं. दुसरी वाट म्हणजे स्वतःचं मशीन उचलून डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवायचं. हेच कोलोकेशन. वीज, थंडावा, इंटरनेटची जोडणी आणि पहारा त्यांचा. मशीन आणि त्यातला डेटा तुमचा.

जागा 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची, आणि नेहमीच्या रॅकमध्ये असे ४२ यू बसतात. एक-दोन यू, अर्धा रॅक, पूर्ण रॅक किंवा जाळी लावलेला स्वतंत्र पिंजरा, असं काहीही घेता येतं. पण बिल फुगतं ते विजेमुळे. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता बाहेर टाकतो आणि ती काढायला पुन्हा वीज लागते. म्हणून रॅकला किती किलोवॅट मिळणार, हे आधी विचारावं. रॅक अर्धा रिकामा आणि विजेचा कोटा मात्र संपलेला, असंही होतं. रात्री दोन वाजता कुणी तरी जाऊन मशीन रीस्टार्ट करून द्यायचं, त्याला 'रिमोट हँड्स' म्हणतात. त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे.

जाहिरातीत 'टियर ३' असं ठळक लिहिलेलं असतं. अर्थ असा, की यंत्रणेचा कुठलाही भाग दुरुस्तीला काढला तरी सर्व्हर बंद करावे लागू नयेत. अपटाइम इन्स्टिट्यूट हे प्रमाणपत्र आराखड्याला वेगळं आणि उभ्या इमारतीला वेगळं देते. यातलं कुठलं मिळालंय, हे पाहून घ्या!

महाराष्ट्रात ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा डेटा सेंटरांनी भरला आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि बँका, ब्रोकर असे मोठे ग्राहकही इथेच आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. अशा दिवशी प्रश्न एकच असतो : जनरेटरसाठी डिझेल किती तासांचं आहे?

पण इमारतच गेली तर? १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाऊडच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या दुसऱ्या इमारतीचाही काही भाग गेला. लाखो वेबसाईट बंद पडल्या. तिथे मशीनही कंपनीचीच होती, तरी काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला, कारण त्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता.

कोलोकेशनच्या करारात सेवा खंडित झाल्यास सहसा भाड्यातून थोडी सूट मिळते. डेटाची किंमत नाही. मशीनचा विमा आणि बॅकअप ही ग्राहकाची बाजू. त्यामुळे मुंबईत सर्व्हर ठेवणाऱ्या बऱ्याच कंपन्या दुसरी प्रत चेन्नई किंवा हैदराबादला ठेवतात आणि तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरतात.