रातराणी : नाव एक, झाडं किती?

नागपूरच्या महालात कुणी 'रातराणी' म्हटलं, तर ते अंगणातल्या झाडाबद्दल असेल किंवा जवळच्या गणेशपेठ बसस्थानकावरून सुटणाऱ्या रात्रीच्या एसटीबद्दल. प्र. ल. मयेकर यांच्या एका गाजलेल्या नाटकाचं नावही 'रातराणी'च. 'रात्रीची राणी' ही कल्पना फक्त मराठीत नाही, ती जगभर फिरली आहे.

आपली रातराणी
हिचं शास्त्रीय नाव सेस्ट्रम नॉक्टर्नम. लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या या नावातही रात्र आहेच. मूळ वेस्ट इंडिज आणि मध्य अमेरिकेतलं. फुलं बारीक, नळीसारखी, हिरवट पांढरी. दिवसा वास जवळपास नसतो, अंधार पडला की दरवळ सुटतो. रात्री उडणारे पतंग परागीभवन करतात, त्यांना बोलावण्यासाठीच हा सुगंध.

इंग्रजीतली 'रात्रीची राणी'
'क्वीन ऑफ द नाइट' हे नाव इंग्रजीत बहुतेकदा रात्री फुलणाऱ्या निवडुंगांना देतात. त्यातला एक आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात ज्याचे फोटो 'आमच्याकडे ब्रह्मकमळ फुललं' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तो हाच. एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मूळ मेक्सिकोकडचा. फूल एका रात्रीपुरतं, सकाळी मान टाकतं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं असून उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे.

जवळपास काळ्या दिसणाऱ्या एका ट्यूलिपचं नावही 'क्वीन ऑफ नाइट' आहे.

रंगमंचावरची राणी
मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेरात (१७९१) 'रात्रीची राणी' हे पात्र आहे. १९९२ च्या 'द बॉडीगार्ड' चित्रपटात व्हिटनी ह्यूस्टनने याच नावाचं गाणं गायलं.

मग फरक काय पडतो?
पडतो. आपली रातराणी वांगी, तंबाखू आणि धोतऱ्याच्या कुळातली आहे. तिची पांढरी फळं आणि पानं विषारी आहेत, पोटात गेल्यास माणसाला आणि जनावरांनाही त्रास होतो. त्यामुळे 'रात्रीच्या राणीचा' घरगुती उपाय फॉरवर्ड होऊन आला, तर नक्की कोणतं झाड ते आधी विचारा. लहान मुलं असतील, तर रातराणी त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी लावा. वास तर तिथूनही घरभर येईल.