भार कण्यावर

पाण्यातल्या नावेला सगळ्या तळाखालून उचल मिळते. तीच नाव जमिनीवर घेतली की सारं वजन दोन-चार जागांवर येऊन बसतं, आणि जागा चुकली तर फळी आत दबते. हे दुखणं जुनं आहे आणि इलाजही तितकाच जुना: भार कण्यावर घ्यायचा, कुशींना फक्त आधार द्यायचा.

अठराव्या शतकात मराठा आरमाराची जहाजं विजयदुर्गाजवळ गिर्ये इथल्या, खडक कोरून केलेल्या गोदीत दुरुस्तीला येत. मुंबईची कोरडी गोदी 1750 मध्ये तयार झाली. सुरतेहून 1736 मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया तिथले मुख्य कारागीर. कोरड्या गोदीत मधोमध लाकडी ठोकळ्यांची रांग असते. पाणी उपसलं की जहाजाचा कणा त्या रांगेवर टेकतो आणि दोन्ही बाजूंना तिरपे टेकू लागतात. वाडियांच्या घराण्याने मुंबईत बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे.

खानदेशाचाही या इतिहासाशी संबंध आहे, आणि तो सांगितला जात नाही याची मला खंत वाटते. इंग्रजांनी 1842 मध्ये डांगचं जंगल भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं ते जहाजांना लागणाऱ्या सागासाठी. डांगचा कारभार पुढे कित्येक वर्षं खानदेशच्या कलेक्टरकडे होता.

मी खानदेशातल्याच पारोळ्याच्या सुताराघरचा. वडील आणि आजोबा बैलगाड्या बांधत. पुढे पोटापाण्यासाठी पुण्याला आलो आणि खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाच्या होड्या चालवणाऱ्या एका मंडळाकडे डागडुजीचं काम मिळालं. बऱ्याच होड्या एंटरप्राइझ वर्गाच्या होत्या. इंग्लंडच्या जॅक होल्टने 1956 मध्ये आखलेली ही दोन माणसांची होडी: लांबी चार मीटरच्या थोडी वर, सांगाडा शंभर किलोच्या आत, शिडं निळी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे प्लायवूडच्या, घरच्या घरी बांधता येणाऱ्या होड्या आल्या. लहान मोटारीमागे जोडून त्या तळ्या-समुद्रावर न्यायच्या, म्हणून ट्रेलरही घरोघरी आले.

प्लायवूडची होडी सागवानी गलबतासारखी सोशीक नसते. म्हणून ट्रेलर होडीच्या मापाने जुळवावा लागतो. आधी कुशींना आधार देणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांचे बोल्ट सैल करून त्या खाली सोडायच्या. मग होडी मधल्या रबरी रुळांवर बसवायची, कणा सरळ रेषेत आहे का ते मागून वाकून बघायचं. शेवटचा रूळ थेट मागच्या उभ्या फळीखाली यायला हवा. तो हातभर पुढे राहिला तर होडीचा मागचा भाग अधांतरी लोंबतो, महिन्यांनी तळाला बाक येतो आणि मग ती होडी शर्यतीत मागे पडते. हे नीट झालं की बाजूच्या पट्ट्या वर घ्यायच्या, तळाला नुसत्या टेकेपर्यंत. त्याही मोकळ्या फळीखाली नकोत. आत जिथे आडवी चौकट आहे, बरोबर तिच्याखाली. बांधायचा पट्टाही त्याच रेषेत वरून यावा. बरेच जण इथेच घाई करतात, पट्टा कचकून आवळतात आणि कड चेपवतात.

यानंतरचं काम मला कुणी शिकवावं लागलं नाही. कापसाची गाडी भरताना बोजा मागे गेला की गाडी उलाळते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला जोत फास देतं. बोजा फार पुढे आला तर मान दबते, खांदा सुजतो. आमच्या घरी गाडी भरून झाली की आजोबा जू हाताने उचलून बघत आणि मगच बैल जुंपू देत. ट्रेलरचंही तेच आहे. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार पुढच्या जोडावर हवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर मोटारीमागे डावी-उजवीकडे झोके घेतो, आणि घाटात ते जिवावर बेततं. भार कमी-जास्त करायला, होडीचं नाक टेकतं तो पुढचा अडसर सरकवता येतो, पण मग रूळ आणि पट्ट्या पुन्हा जुळवाव्या लागतात. आख सरकवणं जास्त बरं.

पारोळ्यात आता लाकडी गाड्यांऐवजी वेल्डिंगच्या दुकानांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात. अलीकडचा एक ट्रेलर मी तिथेच चुलत भावाकडून बांधून घेतला. त्याने सवयीने आख वेल्ड करायला घेतला.

"थांब भाऊ," मी म्हटलं, "यू-बोल्टवर ठेव. होडी बसवल्यावर सरकवायचा आहे."

"उलाळ बघायला?"

"हो."

त्याने ट्रेलरच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून बोल्ट लावले.