काळी आणि पांढरी

देशावरील जुन्या कागदपत्रांत गावाची दोन अंगे सांगितली जात, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी; काळीवर सारा बसे, पांढरीवर मोहतर्फा, म्हणजे घरे व धंद्यांवरचा कर. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'तही ही जोडी भेटते. परंतु तिचे कूळ दप्तराच्या फार मागे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसापर्यंत पोचते.

त्या रसाचा थिजलेला काळा पाषाण ऊनपावसाने कुजतो, तेव्हा त्यातून कोणती माती निपजेल हे पाण्याच्या वाटेवर ठरते. सह्याद्रीच्या माथ्यावर, जेथे पर्जन्य अपार आणि निचरा जलद, तेथे चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका विरघळून वाहून जाते व लोहयुक्त तांबडा जांभा उरतो. देशावरच्या सखल, कमी पावसाच्या खोऱ्यांत मात्र तीच द्रव्ये जागीच साचून माँटमोरिलोनाइटच्या कुळातली चिकणमाती घडते. तिचा प्रत्येक सूक्ष्म कण म्हणजे पापुद्र्यांची चळत असून पापुद्र्यांमधला बंध इतका दुर्बल असतो, की पाणी थेट आत शिरून त्यांना दूर लोटते. म्हणून मृगाच्या पावसाने जमीन फुगते, आणि वैशाखात आक्रसून हात जाईल अशा भेगांनी फाटते. त्या भेगांत वरची माती ढासळते, पुढच्या पावसात तेथेच दडपली जाते, आणि ही जमीन स्वतःलाच हळूहळू उलथीत राहते. काळ्या रंगावरून तिच्यात सेंद्रिय द्रव्य विपुल असावे असे पुष्कळांना वाटते, पण ते बहुधा अल्पच असते. तिचे खरे ऐश्वर्य ओल धरून ठेवण्यात आहे, आणि त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी उभी राहते. फार ओली असता ती औताला चिकटते, वाळली असता ढेकूळ फुटत नाही. या दोहोंमधल्या नेमक्या स्थितीला कुणब्याने 'वाफसा' म्हटले, आणि मला तो मराठीतील अत्यंत अचूक शब्दांपैकी एक वाटतो.

पिकाला जे वरदान, तेच भिंतीला घातक; दरसाल उचलल्या जाणाऱ्या आणि खचणाऱ्या भूमीवर घर तडकणारच. म्हणून भिंती आणि धाबी पांढरीच्या मातीची. ती माती तरी कोठली? जुन्या वस्तीच्या टेकाडाची. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून इनामगावला केलेल्या उत्खननात मातीच्या घरांचे, जमिनींचे आणि चुलींचे थरावर थर निघाले. ढासळलेल्या भिंती आणि राख यांनीच असे टेकाड वाढत जाते. काळी पाषाणाची लेक, तर पांढरी वस्तीची.

ही पांढरी खत म्हणून शेतात नेण्याचा रिवाज आहे. तेव्हा विनंती एवढीच, की टेकाडावर फावडे घालण्यापूर्वी तेथील खापरे एखाद्या जाणकाराला दाखवावीत.