पहिल्या पंधरवड्याचा माग

पायाखाली ओला पालापाचोळा आहे आणि तुमच्यासमोर राजाची हरिणी उघडून ठेवलीय. इंग्लंड, १६३०चं दशक, पानगळीचा मोसम. पहिल्या चार्ल्स राजाला शिकारीचा भारी शौक. त्याचा वैद्य विल्यम हार्वे, म्हणजे रक्ताभिसरणाचं कोडं सोडवणारा तोच, मारलेल्या हरिणींची गर्भाशयं एकेक करून तपासतोय. माजाचा हंगाम होऊन आठवडे लोटलेत. नर-मादीचा संग रानाच्या रखवालदारांनी डोळ्यांनी पाहिलाय. गर्भाशयात मात्र काहीच नाही. रखवालदारांचा विश्वास बसत नाही, तेव्हा हार्वे खुद्द राजाला बोलावून रिकामी पिशवी दाखवतो.

आत काहीतरी आहे हे तुम्हाला माहीत आहे. हरिणीचा कोवळा गर्भ लांबट, पातळ, जवळजवळ पारदर्शक असतो. साध्या भिंगाखाली तो चिकट स्राव म्हणून सहज पुसला जातो. पण इथे बोलायची परवानगी तुम्हाला नाही. हार्वे १६५१ साली पुस्तक काढेल आणि सगळे जीव अंड्यातूनच येतात असं ठासून सांगेल. सस्तन प्राण्याचं अंडं त्याने आयुष्यात पाहिलेलं नसेल. अशी छाती हल्ली कुठल्या प्रबंधात दिसत नाही!

चला पुढे. १८२७, प्रशियातलं क्योनिग्जबर्ग. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या प्राध्यापकाची रीत उलट दिशेने चालायची. कुत्रीच्या गर्भाशयातले वाढलेले गर्भ त्याने आधी पाहिले, मग त्याहून कोवळे, मग अंडवाहिनीतले सूक्ष्म गोळे. आता एकच पायरी उरलीय, अंडाशय. त्यासाठी कुत्री हवी, तीही नुकतीच संग झालेली. सहकारी बुर्डाखच्या घरी अशी एक पाळीव कुत्री आहे. होती, म्हणायला हवं.

टेबलाशी वाका. अंडाशयावर पाण्याच्या फोडांसारख्या पुटिका आहेत. दीडशे वर्षं बहुतेकांनी या पुटिकेलाच अंडं मानलं किंवा निदान तिच्यापाशी शोध थांबवला. बेअरला एका पुटिकेत पिवळसर ठिपका दिसतो. मग दुसरीत, मग आणखी काहींत, आणि प्रत्येकीत एकच. तो सुरीच्या टोकाने पुटिका फोडतो, ठिपका उचलून पाणी भरलेल्या घड्याळाच्या काचेत सोडतो, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतो. डोळा लावतो आणि झटका बसल्यागत मागे सरतो. पुन्हा बघायचं धाडस व्हायला त्याला थोडा वेळ लागतो.

तो उठलाय तोवर तुम्ही बघून घ्या. गोल, रेखीव सीमेची एकच पेशी. माणसाचं बीजांडही साधारण एवढंच, मिलिमीटरचा दहावा भाग. शरीरातली ही सगळ्यात मोठी पेशी, आणि तरी ती सापडायला १८२७ उजाडलं. शुक्राणू तिच्या कितीतरी पटीने लहान, पण ते दीडशे वर्षं आधीच दिसले होते. ते वळवळत होते ना!

आता १९२१, जर्मनीतलं फ्रायबुर्ग. हान्स श्पेमानच्या प्रयोगशाळेत हिल्डे प्र्योशोल्ट नावाची तरुण विद्यार्थिनी पीएच.डी.चं काम करतेय. लग्नानंतर ती हिल्डे मांगोल्ड होईल. समोर न्यूट या पाणसरड्याचा गर्भ आहे, मोहरीच्या दाण्याएवढा. हत्यारं म्हणजे ओढून बारीक केलेली काचेची सुई आणि तान्ह्या बाळाच्या जावळाच्या केसाचा फास. श्वास जपून घ्या.

या घटकेला गर्भाच्या बाहेरच्या पेशी एका खाचेतून आत शिरताहेत. आत जाणाऱ्या पेशींमुळे एकाच थराचे तीन थर होतात. बाहेरच्यापासून त्वचा, मेंदू आणि मज्जारज्जू. मधल्यापासून हाडं, स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंडं. आतल्यापासून आतड्याचं व फुप्फुसांचं अस्तर आणि यकृत. धड्यातलं गॅस्ट्रुलेशन ते हेच. हिल्डे फिकट जातीच्या गर्भातल्या त्या खाचेच्या वरच्या ओठाचा तुकडा कापते आणि गडद जातीच्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवते. रंग वेगळे का, तर नंतर कुठली पेशी कोणाची हे ओळखता यावं म्हणून. जंतूंपुढे इलाज नाही, प्रतिजैविकं अजून यायची आहेत. बहुतेक गर्भ मरतात.

जे जगतात त्यांच्या पोटावर दुसरा पाठकणा उगवतो. एकात तर जवळपास अख्खं जुळं भावंड. रंग पाहा. दुसऱ्या मज्जारज्जूचा बराचसा भाग यजमानाच्याच गडद पेशींचा आहे. तुकड्याने शेजारच्या पेशींना कामाला लावलंय. शोधनिबंध १९२४ साली छापला गेला, आणि त्याच वर्षी हिल्डे घरात हीटरचा भडका उडून भाजून गेली, वय अवघं पंचवीस-सव्वीस. श्पेमानला १९३५ साली नोबेल मिळालं.

माणसात गॅस्ट्रुलेशनची हीच घडामोड फलनानंतर पंधराव्या दिवसाच्या आसपास सुरू होते. गर्भाच्या चपट्या तबकडीवर आदिरेषा नावाची खाच उमटते. डोकं कुठे आणि पाठ कुठे, हे तेव्हा ठरतं. पण पंधरावाच दिवस हे कोणी मोजलं? त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल.

बॉस्टनजवळचं ब्रुकलाइन, १९३८. इथल्या बायकांच्या धर्मादाय रुग्णालयात जॉन रॉक स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत आणि आर्थर हर्टिग विकृतिशास्त्रज्ञ. काही बायकांचं गर्भाशय आजारपणामुळे काढायचंच ठरलंय. त्यांना सांगितलं जातं, पाळीच्या आणि संगाच्या तारखा लिहून ठेवा. शस्त्रक्रिया बीजांड सुटल्यानंतरच्या दिवसांत घेतली जाते. काढलेलं गर्भाशय हर्टिग उघडतात, अंडवाहिन्या धुऊन घेतात आणि अस्तराचा कण न् कण भिंगाखालून नेतात. शोधायचा आहे फार तर मिलिमीटरभर फुगवटा. बहुतेकदा काहीच हाती लागत नाही. लागलं की ते बाल्टिमोरच्या कार्नेगी प्रयोगशाळेच्या संग्रहात जातं आणि त्याचे ओळीने पातळ काप घेतले जातात.

१९५६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात पहिल्या सतरा दिवसांतले चौतीस मानवी गर्भ आहेत. पाठ्यपुस्तकातली ओळ आठवा: फलन अंडवाहिनीच्या रुंद भागात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशींचा भरीव गोळा, पाचव्या दिवशी पोकळ ब्लास्टोसिस्ट, सहाव्या-सातव्या दिवशी अस्तराला चिकटणं, बाराव्यापर्यंत अस्तरात पुरतं रुतून बसणं. या तारखांचा मोठा आधार म्हणजे त्या बायकांनी घरी पेन्सिलीने केलेल्या नोंदी. चौतिसांतले बरेच गर्भ सदोष निघाले, म्हणजे कितीतरी गर्भ पाळी चुकायच्या आतच मिटून जात असणार. निबंधावर शास्त्रज्ञांची नावं आहेत, बायकांची नाहीत. आजच्या संमतीच्या निकषावर हे काम टिकलं असतं असं मला वाटत नाही.

इथेच एक हिशोब पक्का करून घ्या, परीक्षेत निम्मे लोक यावर आपटतात. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात, गर्भविज्ञान फलनापासून. फरक दोन आठवड्यांचा. सोनोग्राफीचा 'सहा आठवडे' म्हणजे गर्भाचा अठ्ठाविसावा दिवस. तोवर हृदय धडधडू लागलेलं असतं आणि मेंदू-मज्जारज्जूची नळी मिटलेली असते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. म्हणून तर फॉलिक ॲसिड दिवस जाण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात. नंतर गोळ्या सुरू करून ती नळी मिटवता येत नाही. फलनापासून आठव्या आठवड्याअखेर सगळे मुख्य अवयव मांडले गेलेले असतात, लांबी तीनेक सेंटिमीटर. पुढचे सात महिने मुख्यतः वाढीचे आणि पक्वतेचे.

शेवटचा मुक्काम कोलकाता, १९७८. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्याकडे शरीराबाहेर फलन झालेला आठ पेशींचा गर्भ आहे, वय साधारण तीन दिवस. तो त्यांनी गोठवलाय आणि ५३ दिवसांनी आईच्या गर्भाशयात सोडलाय. ३ ऑक्टोबरला मुलगी जन्मते. आता तुमच्या मोजणीचं काय? ते ५३ दिवस तिच्या वयात धरायचे कसे, हा प्रश्न हार्वेच्या स्वप्नातही आला नसता. टेस्ट ट्यूब बाळाच्या या दाव्यावर राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, तिच्या प्रमुखपदी रेडिओभौतिकीचे प्राध्यापक! दावा खोटा ठरवला गेला, बदल्या झाल्या, आणि १९८१ साली मुखोपाध्यायांनी आत्महत्या केली.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा नावाच्या मुलीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम, आणि देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिचीच नोंद झाली. पुढे मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी आनंद कुमारांच्या हाती आल्या. त्यांनी त्या वाचल्या, आणि १९९७ साली पहिलेपणाचा मान आपला नसून मुखोपाध्यायांचा आहे, असं जाहीरपणे लिहून टाकलं.