असील, अस्सल आणि अशील

मागच्या आठवड्यात वर्गात अरबी-फारसीतून मराठीत आलेले शब्द शिकवत होतो. फळ्यावर 'अस्सल' लिहिले, तसा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, हमारे घर में असील मुर्गा है. वो बी येईच लफ्ज है क्या?"

होय, तोच. अरबीत 'अस्ल' म्हणजे मूळ. त्यावरून 'असील', म्हणजे चांगल्या कुळातला, खानदानी. मराठीतला 'अस्सल' त्याच घरचा. कोर्टातला 'अशील'ही तिथलाच. वकील हा प्रतिनिधी, अशील हा मूळ माणूस. आमचे हदगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि सरकारी कामकाज उर्दूत चाले. त्यामुळे असे शब्द इथे कुणालाच परके वाटत नाहीत.

असीलच्या रंगांची नावेही ऐकण्यासारखी आहेत. पांढरा तो नूरी, काळा-लाल तो याकूब, सोनेरी-लाल तो पीला, तपकिरी तो टीकर.

मुलगा पुढे अभिमानाने म्हणाला, "लड़ने में एक नंबर है, सर." इथे मी थांबलो.

असीलचे अंग नीट पाहिले तर त्यात झुंजीचाच इतिहास दिसतो. मान लांब, छाती रुंद, पाय मजबूत आणि उभे राहणे ताठ. पूर्ण वाढलेला नर चार-पाच किलोंचा. पिसे आखूड आणि अंगाला घट्ट चिकटलेली. तुरा वाटाण्याच्या दाण्यांसारखा, बसका. चोचीखालची लाल कातडी जवळजवळ नाहीच. मोठा तुरा प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडतो आणि रक्त वाहते. म्हणून पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच नर निवडले. कोंबडी अंडी कमी देते, पण पिलांसाठी जीव टाकते. याच तुऱ्यांच्या आकारांवरून विल्यम बेटसन यांनी १९०२ साली मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले. म्हणजे हा खानदानीपणा माणसाने निवडून-निवडून घडवलेला आहे.

आपल्या नांदेडवरून जाणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते. तिथल्या जिल्ह्यांत संक्रांतीला आजही कोंबड्यांच्या पायांना सुऱ्या बांधून झुंजी लावतात, त्यावर पैसे लागतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरवले आहे.

आपल्यासाठी तर हा निवाडा त्याच्याही कितीतरी आधीचा. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात कोंबड्याला शिव्या देऊ नका असे सांगितले आहे, कारण तो नमाजसाठी उठवतो. त्याच संग्रहात जनावरांना एकमेकांवर सोडून लढवण्याची मनाई आहे. जुगार तर कुरआननेच हराम ठरवला. तरीही झुंजीला 'नवाबी शौक' म्हणून मिरवणारे आपल्यात आहेत. शौक नवाबांचा असेल, दीनचा नाही.

म्हणून काय असील पाळू नये? जरूर पाळावा. संकराच्या कोंबड्या सगळीकडे झाल्या, शुद्ध असील कमी होत चालला. जात टिकवायची तर चांगला नर जिवंत आणि धडधाकट हवा, आखाड्यात रक्तबंबाळ झालेला नको.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला एवढेच सांगितले, "त्याला लढवू नकोस बेटा. पिलं काढ, आणि रंगांची नावं वहीत लिहून आण."

दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. पहिलेच नाव होते, याकूब.