ग्रंथ कपाटात की माणसांत?

वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेसाठी विहाराच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह होता. विहार कसा उभा राहिला, विटा कोणी वाहिल्या, तथागतांची मूर्ती कधी आणली हे सांगणारी जुनी माणसं सुदैवानं आपल्यात आहेत, ते तीच सांगतील. मी लिहिणार आहे ते विहाराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाबद्दल. म्हणजे पुस्तकांबद्दल. आणि त्यासाठी हट्ट्याच्या शिवेबाहेर थोडं हिंडून यावं लागेल.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा तिथे एकही पोथी नव्हती. आनंदांनी ऐकलेली सुत्ते सांगितली, उपालींनी विनय सांगितला आणि जमलेल्या पाचशे भिक्खूंनी त्याचे संगायन केले. पुढे कित्येक शतके धम्म माणसांच्या मुखात आणि कानात राहिला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत, राजा वट्टगामणीच्या काळी तो ताडपत्रावर उतरला. पालीत विद्वानाला 'बहुस्सुत' म्हणतात ते यामुळेच. बहुस्सुत म्हणजे पुष्कळ ऐकलेला. आपल्या अंगठेबहाद्दर आजी-आजोबांना उगीच अडाणी म्हणू नये, तेही त्या अर्थाने बहुश्रुतच होते! नंतर ग्रंथांचेही वैभव आले. नालंदा विद्यापीठात शिकून गेलेला चिनी भिक्खू ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा त्याच्याबरोबर वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ होते. ग्रंथाला एवढा मान देणाऱ्या धम्माच्या भूमीत पुढे एका मोठ्या समाजाला अक्षराची बंदी झाली, ही कहाणी आपण सारे जाणतो.

आता बडोद्याकडे वळू. कारण गावागावात सार्वजनिक वाचनालय नेण्याचे काम आपल्या देशात पहिल्यांदा नेटाने झाले ते बडोदे संस्थानात. महाराजा सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिककडच्या कवळाणे गावचे. १८७५ साली दत्तक गेले तेव्हा त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. कदाचित म्हणूनच असेल, १९०६ साली त्यांनी साऱ्या संस्थानात शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण शाळेत शिकलेलं पोर पुढे वाचायला काही मिळालं नाही तर चार वर्षांत अक्षर विसरतं, हे त्यांच्या ध्यानात आले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा जाणकार ग्रंथपाल बोलावला आणि आपल्या खाजगी संग्रहातले सुमारे २० हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकले.

त्या योजनेत मला सर्वात मोलाची वाटते ती वर्गणीची रीत. गावाने वाचनालयासाठी शंभर रुपये जमवले की तेवढेच रुपये प्रांतपंचायतीने द्यायचे आणि तेवढेच सरकारने. म्हणजे पहिला रुपया गावकऱ्याचा! जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात, त्यांचे भाडे संस्थान भरी. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी दालने होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर चित्रे दाखवण्याचा स्वतंत्र विभाग होता. निरक्षर माणूससुद्धा वाचनालयाचा माणूस आहे, हा विचार त्या काळी किती पुढचा होता, पाहा.

आणि याच बडोद्यात सप्टेंबर १९१७ मध्ये एक तरुण नोकरीवर रुजू व्हायला आला. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेला, सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेला. ते आपले बाबासाहेब. पुस्तक गावोगाव पोचवणाऱ्या त्या राज्याच्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेला मोठा अंधारा दिवाणखाना, मिणमिणता कंदील आणि बोलायला कोणी नाही. अशा वेळी माणसाची सोबत नाही म्हणून आपण पुस्तकांची सोबत धरली आणि वाचत राहिलो, असे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना तेथूनही निघावे लागले. मला ही हकीकत वाचताना दर वेळी वाटतं, वाचनालयाची योजना कितीही चांगली असो, दाराशी माणूस कोण म्हणून विचारणारा समाज बदलला नाही तर पुस्तक एकट्याचंच राहतं.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या खालोखाल वाचनालये, अभ्यासवर्ग आणि समाजकेंद्रे काढणे हे स्पष्ट लिहिलेले आहे. वाचनालय आणि समाजकेंद्र त्यांनी शेजारी शेजारी ठेवले, हे विसरू नये. त्यांना स्वतःला हे सुख असेच मिळाले होते. शाळकरी वयात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले, पुस्तके दिली, आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र हाती ठेवले. एका माणसाने एका मुलाच्या हातात एक पुस्तक दिले, त्याचे पुढे काय झाले ते नागपूरच्या दीक्षाभूमीला विचारा! नंतर दादरला घर बांधले तेही पुस्तकांसाठी, खाली कुटुंब आणि वर ग्रंथ. नाव ठेवले राजगृह.

आपल्या मराठवाड्यात मात्र वाट खडतर होती. आपण निजामाच्या राज्यात. परभणीला गणेश वाचनालयासारखी संस्था होती, पण ती शहराची. खेड्यात साधी सभा घ्यायची तरी 'गश्ती निशाण ५३' या हुकुमाने सरकारी परवानगी लागे. शाळेत उर्दूचा जोर. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसंही साक्षर नव्हती, मग आपल्या वस्त्यांची गत काय असेल! तरी ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली आणि बाबासाहेब तिथे आले. ज्याला वाचता येई त्याने 'जनता' पत्र वाचायचे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, हे आपल्या समाजाचे पहिले वाचनालय. इमारत नाही, नोंदवही नाही, अनुदान नाही. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले आणि नागसेनवनात खेड्यापाड्यांतली पोरं पहिल्यांदा खऱ्या ग्रंथालयात पाय ठेवती झाली.

सरकारचा इतिहास थोडक्यात सांगतो. हैदराबाद राज्याने १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, पण पुढच्याच वर्षी राज्याचेच तीन तुकडे झाले आणि आपण मुंबई राज्यात आलो. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालयासाठी वेगळी करपट्टी नाही. लोकांनी संस्था काढायची, चालवायची आणि सरकारने अ, ब, क, ड असे वर्ग पाहून अनुदान द्यायचे. यातून राज्यात हजारो वाचनालये उभी राहिली हे खरे. काही फक्त पाटीपुरती राहिली हेही खरे.

आपला समाज अनुदानाची वाट पाहत बसला नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. मराठी भाषांतर १९७० साली आले. ते करणाऱ्या तिघांपैकी शां. शं. रेगे हे सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते, ही गोष्ट मला फार आवडते. तेव्हापासून वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांत या ग्रंथाचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, अडलं की विचारतात. १९७९ पासून शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा माणूस, मजूर असला तरी, पिशवीत एखादं पुस्तक घेऊनच परततो. ही खरेदी कुठल्या योजनेतून होत नाही.

आता कपाटाकडे येतो. आपल्या विहारातली पुस्तकं अशीच आली. कोणी चैत्यभूमीहून आणलं, कोणी लेकाच्या नोकरीच्या आनंदात दिलं, कोणी आईच्या पुण्यानुमोदनाला दान केलं. पुस्तकं हरवू नयेत म्हणून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे दिली, आणि ती बरीच वर्षं माझ्याच घरी खुंटीला होती. मला त्याचा अभिमानही होता. एकदा वस्तीतली एक मुलगी पुस्तक मागायला तीनदा येऊन गेली आणि तिन्ही वेळा मी शेतात होतो. चौथ्यांदा ती आली नाही. तिला कोणतं पुस्तक हवं होतं तेही मी विचारलं नव्हतं. हा दोष कोणाचा, हे वेगळं सांगायला नको.

मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आणि त्या मान्य झाल्या. कपाट रोज संध्याकाळी वंदनेनंतर तासभर उघडं राहील. पुस्तकं देण्या-घेण्याची वही दहावीच्या वरच्या मुली आळीपाळीने सांभाळतील. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी विहारात अभ्यासाला खुशाल बसावं, मात्र आठवड्यातून एक दिवस त्यांनी म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवावं. पुस्तक हरवलं तर हरवलं, असंही ठरलं. यावर थोडा वाद झाला, पण ठरलं.

पहिल्या दिवशी नागसेन आणि मिलिंद राजाचा रथाचा संवाद वाचला. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठाय, असा प्रश्न आला तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी वाचणाऱ्या पोराला थांबवलं. म्हणाल्या, "बाळा, हे पुन्हा एकदा वाच, आन् जरा मोठ्यानं." त्यानं पुन्हा वाचलं. किल्ली आता विहाराच्या दारामागच्या खिळ्याला असते.