मतांची मोजणी आणि लौकिकाची साठवण

मतांमुळे मान मिळतो, की आधी मिळविलेल्या मानामुळे मते पडतात, हा प्रश्न मराठी साहित्य संमेलनाच्या इतिहासात वारंवार उभा राहिला आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर नांदणाऱ्या आम्हां मराठी भाषकांस तो अधिकच जवळचा आहे.

१९३१ साली हैदराबादेत संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर होते. २३ खंडांचा ज्ञानकोश त्यांनी वर्गणीदार जोडत तडीस नेला होता. एकेका वर्गणीदाराने टाकलेला विश्वास हेच त्यांना पडलेले मत. अध्यक्षपद त्यामागून आले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. आमची घराणी पैनगंगेच्या अलीकडे राहिली. १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुढे अध्यक्षाची निवड मतपत्रिकांनी होऊ लागली. घटक व संलग्न संस्थांच्या यादीतील मतदार टपालाने मत धाडीत. अखेरच्या काळात ते सुमारे हजार होते. त्यांत आमच्या बाजूचा वाटा हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेमार्फत, आणि तोही अल्प. सामान्य वाचकास मत नव्हतेच. साहजिकच उमेदवारांचे दौरे आणि गटांची जुळवाजुळव ओघाने आली.

१९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी रमेश मंत्री निवडून आले, इंदिरा संत पराभूत झाल्या. परंतु इंदिराबाईंच्या कवितेचे स्थान त्या मोजणीने तसूभरही ढळले नाही.

२०१८ मध्ये महामंडळाने निवडणूक बंद करून अध्यक्ष सन्मानाने निवडण्याची पद्धत स्वीकारली. पहिली निवड अरुणा ढेरे यांची झाली. संमेलन जानेवारी २०१९ मध्ये, नदीपलीकडच्या यवतमाळात. तेथे उद्घाटक म्हणून बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि अनेक वर्षांत जमलेली संमेलनाची पत थोड्या दिवसांत उणावली. ढेरे यांनी अध्यक्षपदावरूनच त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. एकही मत न पडता त्यांचा मान वाढला.

मत एकदा पडते व मोजले जाते. लौकिक मात्र कणाकणाने साठतो आणि वेळप्रसंगी खर्चही होतो. म्हणून आमची एक विनंती आहे. जुन्या ग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्या कोणाच्या घरी असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत. ज्यांचे नाव कोणत्याही मतदारयादीत लागले नाही, अशा आपल्या वाडवडिलांनी कोणता लेखक पुनःपुन्हा घरी नेला, त्याची नोंद केवळ त्या वह्यांतच आहे.